पोतं ठेवताना

आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. डाव्या बाजूच्या मुलीच्या उंचीच्या, दर वाढदिवसाला एक. उजव्या बाजूच्या माझ्या. एकेचाळिसाव्या वर्षी माणूस उंच होत नाही, पण 2011 च्या मार्चपासून पुढच्या जानेवारीपर्यंत मी त्या चौकटीला पाठ लावून टाचा उचलत होतो आणि डोकं जिथवर पोचेल तिथं बायको रेघ ओढत होती. तेव्हापासून घराला दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला सांगून ती चौकट तेवढी सोडायला लावली.

त्या रेघांमागे दोन माणसं आहेत. एक वर्ध्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम. दुसरे आमच्या मागच्या गल्लीतले काकाजी, ज्यांची उभी हयात आर्वीच्या बाजारात हमालीत गेली. माझ्या डाव्या पोटरीला कुठला व्यायाम चांगला यावर दोघांचं मत वेगळं होतं, आणि जवळजवळ वर्षभर मी एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवत राहिलो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी अशी कबड्डी होती. मी गणित शिकवतो, पण कबड्डी माझ्या अंगात होती. कॉलेजात असताना दोन उन्हाळे अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर गेले होते. 1914 साली वैद्य बंधूंनी उभी केलेली ती संस्था. तिथल्याच मंडळींनी 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची आणि आपल्या देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं केली, हे तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असायचं. त्या उमेदीवर मी चढाईला गेलो. मागे वळून पाय रोवला आणि कुणीतरी मागून जोरात लाथ घातल्यासारखं वाटलं. फट् असा आवाजही आला. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं.

टाचेची शीर तुटते तेव्हा असंच होतं, हे मला नंतर कळलं. पोटरीचे दोन मुख्य स्नायू खाली येऊन एका जाड कंडरेत मिळतात आणि ती टाचेच्या हाडाला घट्ट बसलेली असते. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी. तिशी ते पन्नाशीतला, वर्षभर बसून काम करणारा आणि एक दिवस अचानक मैदानात उतरणारा पुरुष हा तिचा नेहमीचा बळी. पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली वळायला हवं. माझं वळत नव्हतं. ही तपासणी करायला अर्धं मिनिट लागतं. पण पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं ती झाली नाही. मोच आहे म्हणून सांगितलं, तेल चोळलं, आणि आठ दिवस गेले. मग वर्ध्याला ऑपरेशन, पाऊल खाली वळवून प्लास्टर, आणि मार्चच्या मध्यावर प्लास्टर कापलं तेव्हा आत जो पाय निघाला तो माझा वाटेना. बायकोनं शिवणाची टेप आणली. उजवी पोटरी साडेपस्तीस सेंटिमीटर, डावी एकतीस. त्वचा कोरडी, केस दाट झालेले, आणि हात लावला की मांस रिकाम्या पिशवीसारखं हलायचं.

मॅडम तेव्हा तिशीच्या आतल्याच होत्या. त्यांनी टेप बाजूला ठेवली. म्हणाल्या, "सर, घेर नंतर. आधी टाच किती उंच उचलता येते ते पाहू." तुटलेली कंडरा जुळते तेव्हा थोडी लांब जुळते. ढिला दोर ओढला तर आधी ढील जाते, मग वजन हलतं, तसंच इथं. माणूस पंधरा-वीस वेळा टाच उचलतो, पण उंची गेलेली असते आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून चौकटीवरच्या रेघा. नुसत्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हे गणिताच्या मास्तरला त्यांनी शिकवलं.

पहिला व्यायाम रबराच्या पट्टीचा. पाय लांब करून बसायचं, पट्टी चवड्याखालून घेऊन दोन्ही टोकं हातात धरायची आणि पाऊल खाली दाबायचं. मॅडमनी दिलेली पिवळी पट्टी पंधरा दिवसांत तुटली. दुसरी आणायला वर्ध्याला जाणं म्हणजे एसटीत तास-दीड तास. तेव्हा सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली. रबराचा स्वभाव असा की जितकं ताणाल तितकं ते जास्त विरोध करतं, म्हणजे पाऊल पूर्ण खाली गेल्यावर जोर सगळ्यात जास्त. अशक्त पायाला सुरुवातीला हे बरं, कारण पाऊल वर असताना, कंडरा ताणलेली असताना, तिच्यावर ओझं येत नाही. पण त्याची मर्यादाही तिथंच आहे. पोटरी हा शरीराचं अख्खं वजन दिवसात हजारो वेळा उचलणारा स्नायू. त्याच्यापुढे सायकलची ट्यूब किती दिवस पुरणार? एप्रिल संपता संपता मला ती नुसती खेळ वाटायला लागली.

मग मॅडमनी बसून टाचा उचलायला लावल्या. स्टुलावर बसायचं, चवडे विटेवर, गुडघ्यांवर वजन ठेवायचं आणि टाचा वर. वजन म्हणून तूर होती. पोत्यात आधी दहा किलो, मग वीस, मग तीस. ती तूर आणून द्यायचा काकाजींचा नातू, जो माझ्याच वर्गात सातवीला होता. अशा रीतीनं काकाजी आमच्या ओट्यावर आले. नातू काय उचलून नेतो हे बघायला आले आणि मग रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले.

काकाजी सत्तरीचे. पोरवयातच बापाबरोबर बाजारात लागलेले. आर्वीचा कापूस तेव्हा पुलगावला नॅरोगेजनं जायचा. 1917 साली टाकलेले ते अडीच फुटी रूळ, पस्तीस किलोमीटरची लाइन. त्या डब्यांत कापूस चढवायला त्यांचे वडील होते आणि नंतर ते स्वतः. पुढे धान्य, बाजार समितीत ट्रक भरणं. पोतं क्विंटलाचं, जमिनीपासून ट्रकच्या फाळक्यापर्यंत टाकलेली लाकडी फळी, आणि त्या फळीवरून पाठीवर शंभर किलो घेऊन वर. दिवसातून किती खेपा ते त्यांनी कधी मोजलं नाही. मजुरी पोत्यामागे, तेव्हा मोजणारा दुसराच असायचा.

मी स्टुलावर बसून गुडघ्यावर तूर घेऊन टाचा हलवतो हे पाहून ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, बसल्या बसल्या पोटरी होत असती त गल्ल्यावरच्या सेठजीची झाली असती."

मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या, आणि माझ्या वहीत पोटरीचं चित्र काढून समजावलं. वरचा स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस. त्याचे दोन फुगे, तेच आपल्याला बाहेरून दिसतात, आणि तो गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्या खाली दडलेला सोलियस. तो गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो, त्याला जोर लावता येत नाही, आणि काम सोलियसवर येतं. गुडघा सरळ ठेवला की दोघंही कामाला लागतात. सोलियस हळू आणि न थकणाऱ्या तंतूंचा. आपण नुसते उभे असतो तेव्हाही तो काम करत असतो. "सर, तुमच्या पायाला आत्ता अख्ख्या शरीराचं वजन झेपणार नाही," त्या म्हणाल्या, "बसून केलं तर वजन आपल्या हातात राहतं. तीस किलो म्हणजे तीसच."

याचा हिशेब मी घरी येऊन मांडला, कारण हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. घोट्याच्या सांध्यापासून टाचेची कंडरा जवळ आणि चवडा लांब, दुपटीहूनही लांब. एका पायाच्या चवड्यावर उभं राहिलो तर कंडरेवर माझ्या वजनाच्या दुपटीहून जास्त ताण येतो. माझं वजन अडुसष्ट किलो. म्हणजे सरळ उभा राहून एका पायावर टाच उचलायची तर जुळलेल्या त्या दोरीनं दीडशे किलोवर ताण सोसायचा. तुरीचं पोतं त्यापुढे काहीच नाही. मॅडम बरोबर होत्या. पण काकाजींचं म्हणणं मनातून जाईना, कारण त्यांची पोटरी मी पाहिली होती. टेप लावू दिली त्यांनी. अडतीस सेंटिमीटर, सत्तराव्या वर्षी.

जूनमध्ये उभ्यानं सुरू झालं. आधी दोन्ही पायांवर, हात भिंतीला. मग ओट्याच्या कडेवर चवडे टेकवून, टाचा हवेत, म्हणजे खाली जाताना टाच कडेच्याही खाली उतरते आणि स्नायू पूर्ण ताणला जातो. जमिनीवर उभं राहून टाचा उचलणं आणि पायरीच्या कडेवरून उचलणं यांतला फरक करून पाहिल्याशिवाय कळत नाही. जमिनीवर अर्धीच हालचाल होते. खालचा तो ताणाचा भाग, जिथं पोटरीला खरं ओझं लागतं, तो जमीन खाऊन टाकते. मी इतर प्रकारही करून पाहिले. जुन्या आठवणीनं बैठका काढल्या. देशी बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, म्हणून वाटलं होतं की पोटरीला चांगल्या. पण बैठकीचं ओझं मांडीच घेते. पोटरी तोल सांभाळते, तेवढंच. तालमीत आम्ही कमरेत वाकून भिंतीला हात लावायचो आणि पाठीच्या खालच्या भागावर एखादं पोरगं बसवून टाचा उचलायचो. हा प्रकार खरोखर जोरदार, गुडघा सरळ, ताण पूर्ण. मॅडमनी त्याला साफ नकार दिला, आणि आता कळतं की ते बरंच झालं.

तर जूनची एक संध्याकाळ. मी ओट्याच्या कडेवर, वर-खाली, वर-खाली, आकडा मोजत. वीसचे तीन फेरे संपवायची घाई. काकाजी खालच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, पोतं टाकून राह्यले का ठेवून राह्यले?"

मला कळलं नाही. ते उठले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि ओट्याच्या कडेवर माझ्या शेजारी उभे राहिले. टाचा उचलल्या आणि मग इतक्या सावकाश खाली आणल्या की मला श्वास धरून पाहावं लागलं. मधे कुठंही गचका नाही. "उचलणं कोनालेई येते," ते म्हणाले. "ठेवणं शिका लागते. पोतं टाकलं त शिवण फाटते, दाणा सांडते, अन् अडत्या मजुरीतून कापते." भरल्या पाठीनं फळीवरून उतरायचं तर आधी चवडा टेकवायचा, वजन पोटरीवर घ्यायचं, मग टाच सोडायची. नवी पोरं टाच आधी आपटतात, फळी उसळते, आणि माणूस पोत्यासकट खाली येतो. ज्यानं असा एक माणूस पडताना पाहिला आहे तो हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज वेगळा असतो.

त्या दिवशी मी तीन मोजत वर गेलो आणि पाच मोजत खाली आलो. दहाव्या वेळेला डावी पोटरी थरथरायला लागली. दोन दिवस जिना उतरता येईना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या पायाला काम लागलं होतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या थांबल्या. मग म्हणाल्या, काकाजींचं हे म्हणणं स्वीडनमधल्या हाकन आल्फ्रेडसन नावाच्या डॉक्टरनं 1998 साली छापलं आहे. पायरीच्या कडेवर दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायानं सावकाश खाली यायचं. पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला एकशे ऐंशी वेळा. तो उपचार सुजून दुखणाऱ्या कंडरेचा होता, तुटलेल्या नव्हे, म्हणून ते प्रमाण माझ्यासाठी नव्हतं. पण मूळ गोष्ट तीच. स्नायू आखडताना जेवढं ओझं उचलतो त्याहून जास्त ओझं तो लांब होताना सावरू शकतो. म्हणून एका पायानं वर जाता येत नसलेला माणूस एका पायानं खाली येऊ शकतो. माझं नेमकं तिथंच अडलं होतं. दोन्ही पायांनी जमत होतं, एका पायानं टाच जमिनीवरून कागदभरही सुटत नव्हती. मॅडमनी माझा तक्ता फाडला आणि नवा केला: वर दोघांनी, खाली एकानं. गुडघा वाकवून बसण्याचा प्रकार मात्र सोडला नाही. "तोही हवा," त्या म्हणाल्या, "काकाजींना सांगा, सेठजी गुडघ्यावर वजन घेत नाही."

निरोप मी पोचवला. काकाजी खूप वेळ हसत होते.

आता जे लिहायचं आहे ते मला पुढे ढकलावंसं वाटतं. काकाजींनी पायजमा वर केला तेव्हा मी त्यांची पोटरी पाहिली, ती कशी गोळा होते आणि कशी सैल होते ते पाहिलं. तिच्यावरच्या सुतळीसारख्या पिळलेल्या निळ्या शिराही पाहिल्या. घोट्याच्या आतल्या बाजूला बांधलेली मळकी चिंधी पाहिली. विचारलं काहीच नाही. माझं सगळं लक्ष माझ्या एकतीस सेंटिमीटरवर होतं. जून, जुलै, ऑगस्ट. ते रोज संध्याकाळी दुखऱ्या पायानं येत होते, माझ्याबरोबर उभे राहत होते, आणि मी फक्त शिकत होतो.

सप्टेंबरमध्ये मॅडम एका शिबिरासाठी आर्वीला आल्या आणि आमच्याकडे चहाला थांबल्या. काकाजी ओट्यावर होते. नमस्कार झाल्याबरोबर मॅडमची नजर खाली गेली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकाजी, ही जखम कधीपासून आहे?"

"असन बाई, दोन-तीन वर्सं. हे त अशीच रायते."

त्या ओट्यावर खाली बसल्या, चिंधी सोडली आणि पाय आपल्या मांडीवर घेतला. रुपयाएवढी जखम, भोवतालची कातडी काळपट आणि कडक. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरी करते, हे त्यांनी तिथंच सांगितलं. पोटरी आवळली की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त हृदयाकडे ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं उभं राहून, पाठीवर ओझं घेऊन झडपा निकामी झाल्या की रक्त खाली तुंबतं आणि घोट्याजवळ कातडी फुटते. इतकी भक्कम पोटरी, आणि तिच्या खाली भरून न येणारी जखम. दोन्ही एकाच कामानं दिलेलं.

हमालांसाठी राज्यात 1969 सालीच कायदा झाला, माथाडी आणि हमाल कामगारांच्या नोकरीचा आणि कल्याणाचा. काकाजींना त्यातलं काय मिळालं असं मी त्या रात्री विचारलं. त्यांनी हात हलवला आणि विषय बदलला.

पुढचे पाच महिने दर शनिवारी मी त्यांना घेऊन वर्ध्याला गेलो. पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी, रात्री पाय उशीवर, आणि बसून टाचा उचलणं, तासातासाला वीस वेळा. बसून! त्यांनी ते कुरकुर न करता केलं. एसटीत खिडकीजवळ बसून टाचा उचलत आणि सावकाश ठेवत ते पुलगावपर्यंत मोजत असायचे. फेब्रुवारीत जखम भरली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडली, पुन्हा भरली. तिकिटाचे पैसे ते दर वेळी माझ्या हातात कोंबायचे आणि मी घ्यायचो, कारण घेतले नाहीत तर ते पुढच्या शनिवारी आले नसते.

माझं म्हणाल तर सप्टेंबरच्या अखेरीस डावी टाच एकट्यानं उचलली गेली. एकदाच. त्या रेघेपुढे मुलीनं तारीख घातली आहे. निरोगी माणसानं एका पायावर पंचवीस वेळा पूर्ण टाच उचलावी असं मानतात; जानेवारीपर्यंत माझ्या चौदा झाल्या, आणि उजव्या पायापेक्षा तीन सेंटिमीटर खाली. ते तीन सेंटिमीटर आजही तसेच आहेत.

काकाजी 2018 च्या श्रावणात गेले. 2023 मध्ये एक दिवस मॅडमचा मोबाइलवर संदेश आला. जपानमध्ये चौदा जणांवर प्रयोग केला होता: प्रत्येकानं एका पायानं उभ्यानं आणि दुसऱ्यानं बसून टाचा उचलायच्या, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. उभ्यानं करणाऱ्या पायात गॅस्ट्रोक्नेमियसचा बाहेरचा भाग 12.4 टक्के वाढला, आतला 9.2 टक्के. बसून करणाऱ्या पायात 1.7 आणि 0.6. सोलियस मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, 2.1 आणि 2.9 टक्के. शेवटी मॅडमनी लिहिलं होतं, "काकाजींना सांगायला हवं होतं."

मी तो संदेश घेऊन बाजार समितीत गेलो. नातू आता तिथंच असतो. पोती पन्नास किलोची झाली आहेत, पण फळी तीच आहे आणि चढायचंही तसंच. तो नुकताच एक ट्रक भरून खाली उतरला होता. त्याला आकडे वाचून दाखवले, आजोबांचं म्हणणं खरं निघालं म्हणून सांगितलं. त्याला फार आनंद झाला. त्यानं दोन-चार जणांना हाक मारून मला तो संदेश पुन्हा वाचायला लावला. सगळे हसून पांगले. मी तिथंच उभा राहिलो.

"काय झालं सर?"

"पँट वर कर," मी म्हटलं. "दोन्ही पाय दाखव."

तो पोत्याच्या थप्पीवर बसला आणि त्यानं पँट गुडघ्यापर्यंत सरकवली.